ओरडली नाही म्हणे!

दोस्तहो, कोर्टाला जखम दिसावी लागते. भुकेची, भीतीची, खाकी वर्दीची जखम कातडीवर उमटत नाही. मग कोर्ट म्हणतं, संमती होती!

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मजूर पोरीवर अत्याचार झाला. सेशन्स कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं. नागपूरच्या हायकोर्टानं शिक्षा ठोठावली, भीतीपोटी गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे म्हणून. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा मोकळं केलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि पोर ओरडली नाही. अरे, ठाण्यात ओरडून बोलवायचं कुणाला? पोलिसांना?

१९७९ ला उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सुप्रीम कोर्टालाच खुलं पत्र धाडलं. १९८० च्या ८ मार्चला गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या. १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध शाबीत झाला आणि बाई ‘संमती नव्हती’ म्हणाली, की कोर्टानं तसंच धरायचं. हे बायांनी मिळवलं. झेंडेवाले बाप्ये मागनं आले.

पण हा इतिहास १९८० पासून मोजणाऱ्यांना आपली पोथी ठाऊक नाही. जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क द्या, बहुपत्नीत्व बंद करा, असे ठराव झाले. नवऱ्याची गुलाम होऊ नका, बरोबरीची मैत्रीण व्हा, असं बाबासाहेबांनी तिथं बजावलं.

आणि जात? ती कोर्टात आरोपीची वकिली करते. राजस्थानात भंवरीदेवीवर १९९२ ला सामूहिक बलात्कार झाला. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवतीलच कसे, असला तर्क १९९५ च्या निकालात होता. विटाळ पाणवठ्यावर चालतो, बलात्काराला आड येत नाही, हे कुठल्याही खेड्यातलं पोर सांगेल! त्याच प्रकरणातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. खैरलांजी २००६ ची. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ ला फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा काही लावला नाही.

आता घरचं बोलू. गोदीत मुकादमाची शिवी गडी मुकाट गिळतो आणि रात्री तीच बायकोच्या पाठीत घालतो. वर भिंतीला बाबासाहेबांची तसबीर. खैरलांजीवर मूठ आवळणारा शेजारच्या खोलीतला मार ऐकून रेडिओ मोठा करतो. ‘घरचा मामला आहे भाऊ.’ ठाण्यातला पोलीस वेगळं काय म्हणतो?

पुढच्या मोर्चाआधी वस्तीत सभा लावा. बाया बोलतील. आपण सतरंज्या घालू, चहा देऊ आणि ऐकू. नावं निघाली आपली तरी ऐकू.