मान्यता संस्थेला, किंमत मुलींना

न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचे नाव आपल्या चळवळीत सगळ्याजणींना ठाऊक आहे. १९९७ चा विशाखा निकाल त्यांच्या खंडपीठाचा. दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर जानेवारी २०१३ मध्ये कायद्यात बदल सुचवणारा अहवालही त्यांच्याच समितीचा. पण त्याच्या पाचच महिने आधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, त्यांच्या आयोगाने आणखी एक अहवाल दिला होता, शिक्षक-शिक्षणाविषयीचा. त्याचे मूळ आपल्या महाराष्ट्रातच होते. राज्यातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून २०११ साली हा आयोग नेमला गेला. प्रत्यक्ष पाहणीत या संस्थांपैकी बहुसंख्य मान्यतेला पात्रच नाहीत असे आढळले. विशाखावर आपण शिबिरे घेतली, पुस्तिका काढल्या. हा अहवाल मात्र शिक्षणवाल्यांचा विषय म्हणून बाजूला राहिला.

खरे तर तो आपलाच विषय होता. बारावीनंतर दोन वर्षांत संपणारा, तालुक्याच्या गावी मिळणारा आणि ‘बाईमाणसाला शोभेल’ अशी नोकरी देणारा अभ्यासक्रम म्हणून घराघरांतून मुलींना डी.एड.ला घातले गेले. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे संस्थाचालकाच्या हातात गेले, बऱ्याचदा पावतीशिवाय. कॅपिटेशन फी घेण्यास बंदी करणारा कायदा या राज्यात १९८७ सालीच झालेला आहे, हे त्या बापाला कोण सांगणार? आणि सांगितले तरी पावती नसलेल्या पैशाची तक्रार तो कशाच्या जोरावर करणार?

पुढे काय झाले ते आपण पाहिले आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि प्राथमिक शाळेतल्या नव्या शिक्षिकेला तीन वर्षे महिना ३,००० रुपयांवर राबावे लागले. २०१२ नंतर तर भरतीच जवळजवळ थांबली. नंतर अभियोग्यता चाचणी आली. पहिली २०१७ साली, दुसरी थेट २०२३ साली. या काळात किती मुलींची वये उलटली! आमच्या सल्ला केंद्रात अशा मुली येत राहिल्या. ‘शिक्षिका होणार’ म्हणून सून करून आणलेली. ऑर्डर आली नाही तेव्हा तिचा छळ सुरू झाला. कुणी खाजगी इंग्रजी शाळेत किरकोळ पगारावर शिकवते आणि तो पगारही सासूच्या हातात देते. आपण या केसेस हुंडा, मारहाण, पोटगी या रकान्यांत नोंदवल्या. त्यांच्या मुळाशी एक मान्यतापत्र होते, हे कुठल्याच फॉर्ममध्ये आले नाही.

ही मान्यता मिळते कशी? १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद स्थापन झाली. आपल्या भागासाठीची तिची विभागीय समिती तेव्हा भोपाळला होती. संस्थेने अर्ज करायचा, जागा, इमारत, ग्रंथालय, अध्यापकांची यादी, बँकेतली ठेव दाखवायची आणि मग पाहणी पथक यायचे. पथक येणार त्या दिवशी कपाटात पुस्तके येतात, यादीतले अध्यापक हजर होतात, हे गावात सगळ्यांना माहीत असते. पथकाला तेवढे कळत नसते! त्या इमारतीत शिकणाऱ्या मुलीशी मात्र कुणी एकटीला गाठून बोलत नाही.

आणि गैरप्रकार उघड झाला की शिक्षा कुणाला? मान्यता नसलेल्या अध्यापक विद्यालयांच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवले. लहान मुलांना नीट शिकलेला शिक्षक मिळाला पाहिजे, हे बरोबरच. पण वर्ष गेले ते विद्यार्थ्यांचे. मुलाला घरचे पुन्हा एक संधी देतात. मुलीचे ‘शिक्षण झाले तेवढे पुरे’ म्हणून स्थळे पाहायला लागतात.

आज हा विषय काढण्याचे कारण, आता अर्जांची नवी फेरी सुरू आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता व्हायची आहे आणि हा अभ्यासक्रम २०२३ पासून काही संस्थांत सुरू झाला आहे. दोनाऐवजी चार वर्षे, म्हणजे फीही चार वर्षांची. त्यातच २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगला आहे, त्यासाठी आपणही आग्रह धरला होता. पण व्यवस्थापन कोट्यातल्या मुलीला ही सवलत नाही, आणि वसतिगृह, मेस, एसटीचा खर्च तिच्या घरच्यांवरच आहे. शिवाय आता मुलींच्या फीचा पैसा सरकारी तिजोरीतून थेट खाजगी संस्थांना जाणार. तेव्हा मान्यता देताना काय पाहता, हे विचारण्याचा आपला हक्क वाढला आहे.

आपल्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, तपासणी कडक केली तर तालुक्याची महाविद्यालये बंद पडतील, आणि पुण्या-औरंगाबादला मुलींना कोण पाठवणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जवळ कॉलेज होते म्हणूनच शिकलेल्या कितीतरीजणी आपल्यात आहेत. पण जवळ आहे म्हणून वाटेल ते चालवून घ्या, हे मुलींनाच का सांगायचे? सरकारने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांत जागा वाढवाव्यात, तालुक्याला वसतिगृहे काढावीत, हीच आपली मागणी हवी.

१८८२ साली हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची मागणी केली, त्याच साक्षीत शाळा तपासायला स्त्री-निरीक्षक नेमा असेही सांगितले. पाहणी पथकात निम्म्या स्त्रिया हव्यात आणि त्यांनी मुलींशी संस्थाचालकांच्या गैरहजेरीत बोलावे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती कागदावर आहे की मुलींना तिच्या अध्यक्षबाईंचे नाव माहीत आहे, ते तिथेच विचारावे. अध्यापिकांचा पगार बँकेत जमा होऊन रोखीने परत घेतला जातो का, हेही. आणि मान्यता काढली तर मुलींची फी व्याजासह परत आणि दुसऱ्या संस्थेत प्रवेश, ही अट मान्यतापत्रातच असावी. मूळ दाखले अडवून ठेवणाऱ्यांना तर दारातच उभे करू नये.

मान्यताप्राप्त संस्थांनी आपली माहिती संकेतस्थळावर जाहीर करावी असा नियम आहे. आपापल्या तालुक्यातल्या शिक्षक-शिक्षण संस्थेची ती यादी काढा, तिथे शिकणाऱ्या दोन-चार मुलींबरोबर बसून ती ओळीओळीने वाचा आणि काय जुळले, काय नाही, ते आम्हाला कळवा. मुलींची नावे लिहू नका. पुढचा अंक त्यावरच काढायचा विचार आहे.