फार्महाऊस विकणे आहे म्हणे! पण जमीन कुणाची?

मुंबईच्या पेपरात जाहिरात आली आहे. शहापूर तालुक्यात, हायवेपासून अर्ध्या तासावर, फार्महाऊस विकणे आहे. तीन एकर जागा, बंगला, बगीचा, कलमी आंबे, पोहण्याचा तलाव, बारमाही पाणी, चोवीस तास वॉचमन. टायटल क्लिअर. किंमत समक्ष.

पाड्यावर ही जाहिरात वाचून दाखवली तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी जागा लगेच ओळखली. वरचा माळ नाचणी-वरईचा, खाली भाताची दोन खाचरं. आज लॉन आहे तिथे राब भाजायचे. आणि तो चोवीस तासांचा वॉचमन? ज्याची ही जमीन होती त्याचाच नातू. बंगल्याच्या सामानात त्यालाही मोजलाय.

आता पाण्याचं बघू. तलाव 40 फूट लांब, 20 फूट रुंद, 5 फूट खोल. म्हणजे एक लाख तेरा हजार लिटर पाणी. आपला हंडा 15 लिटरचा धरला तर साडेसात हजार हंडे! पन्नास घरांच्या पाड्याला रोज घरटी दहा हंडे धरले तरी पंधरा दिवसांचं पाणी झालं. सेठ येतो शनिवारी, पोहतो, रविवारी जातो. बाया वैशाखात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय, भातसाचंही जातं. धरणं आपल्या तालुक्यात, टँकरची वाट बघणारेही आपणच. नळाने नेलं ते कमी पडलं म्हणून आता बोअर मारून इथंच बसून उपसतात.

सेठ म्हणतो, आम्ही पैसे मोजले, तुमच्या पोरांना काम दिलं. मोजले असतील. पण किती, कुणाला, आणि कशावर अंगठा घेऊन? आवणीच्या दिवसांत खावटीला दिलेले पैसे आणि कोरा स्टँपपेपर, याला आम्ही विक्री म्हणत नाही. सरकारचा कायदाही म्हणत नाही. 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही (जमीन महसूल कायदा, कलम 36 अ). 1 एप्रिल 1957 पासून त्या तारखेपर्यंत गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा आहे. शिवाय कूळकायद्याचं कलम 63 सांगतं की जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. मुंबईत कापडाचं दुकान चालवणारा माणूस शेतकरी कधी झाला? नांगर कोणत्या बाजूने धरतात ते तरी विचारा त्याला.

वाटा मात्र त्यांनी शोधल्यात. साठेखत करायचं, कुलमुखत्यारपत्र घ्यायचं, सातबाऱ्यावर नाव आदिवासीचंच ठेवायचं आणि कंपाऊंड आपलं घालायचं. नाहीतर दुसऱ्याच आदिवासीच्या नावावर खरेदी दाखवायची, पैसा सेठचा. यात आपलेच काही जण दलाली खातात. त्यांची घरं कुठं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, लिहायला नको.

म्हणूनच ही जाहिरात महत्त्वाची. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात, तिथून तिसऱ्या हातात गेली की नवा मालक म्हणणार, मला काय माहीत, मी तर बंगला घेतला. दर विक्रीबरोबर मूळ मालकाचं नाव कागदात आणखी खाली जातं. ते पुरायच्या आत आपण हरकत घेतली पाहिजे.

विक्री झाली की फेरफाराची नोंद तलाठ्याकडे येते. तिची नोटीस चावडीवर लावावी लागते. 15 दिवसांत लेखी हरकत द्या. हरकत आली की तलाठ्याला ती तक्रारीच्या रजिस्टरात लिहावीच लागते, आणि निकाल होईपर्यंत नोंद पक्की होत नाही. तोंडी सांगून परत येऊ नका. पोच घ्या, तारीख आणि सही बघा. तलाठी म्हणेल रजिस्टर सापडत नाही, तर सापडेपर्यंत तिथंच बसा. चावडी गावाची आहे. बरोबर कलेक्टरकडे 36 अ खाली अर्ज जाईल, तो संघटना लिहून देईल.

येत्या बाजाराच्या दिवशी आपण तहसील कचेरीवर जमणार आहोत. ज्यांच्या जमिनीवर असे बंगले उभे आहेत त्या सगळ्यांनी या, पलीकडच्या पाड्यांनाही निरोप द्या. येताना जुने सातबारे, सारा भरल्याच्या पावत्या, सेठने दिलेली चिठ्ठी, जे असेल ते आणा. फाटलेलं, भिजलेलं असलं तरी आणा. कागद नसेल तर ज्या म्हाताऱ्याने तिथं नांगर धरला त्याला घेऊन या.