एका चपराकीची नोंद

व्यापारी घरात दहा रुपयांची उधारीही खतावणीत चढते. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर सुनेच्या गालावर पडलेली चपराक मात्र कुठेच चढत नाही. "सीझनचे दिवस आहेत, राग आला असेल त्याला," असे सासूबाई म्हणतात, सकाळी दुकान उघडते आणि विषय संपतो. अशा लहानशा मारासाठी अटक व्हावी का, हा प्रश्न समाजाच्या बैठकीत क्वचित निघतो. निघाला तर उत्तरे दोनच ऐकू येतात. कोणी म्हणतो, घरचे घरातच राहावे. कोणी म्हणतो, हात उगारला की तुरुंग. कायदा यांपैकी एकाही बाजूला उभा नाही.

साधी दुखापत हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ खालचा गुन्हा असून तो अदखलपात्र आहे. ठाण्यात एन.सी. नोंदवली जाते, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास किंवा अटक करू शकत नाहीत. क्रूरतेचा गुन्हा, म्हणजे जुने ४९८-अ आणि १ जुलै २०२४ पासूनचे कलम ८५, दखलपात्र व अजामीनपात्र आहे; परंतु त्याची व्याख्या गंभीर छळाची किंवा मालमत्तेसाठी केलेल्या जाचाची आहे. एकट्या चपराकीला तिच्यात सहसा जागा मिळत नाही.

या ४९८-अ संबंधी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात दिलेला निकाल पेढ्यापेढ्यांवर ठाऊक झाला, आणि त्याला कारण होते. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा आणि वर्षानुवर्षे परदेशात असलेल्या नणंदा यांनाही अटक होते, याची खंत न्यायालयाने त्यात नोंदवली होती. पण निकाल अर्धाच वाचला गेला. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक आपोआप करू नये, तिची कारणे लिहावीत, एवढेच न्यायालयाने सांगितले. अटकेला बंदी केली नाही. पुन्हा गुन्हा घडण्याचा संभव, साक्षीदाराला धाक किंवा प्रलोभन, पुरावा नष्ट होण्याची भीती ही त्या कारणांपैकी काही. दुकानातल्या चोरीत साक्षीदार आणि आरोपी वेगवेगळ्या घरी झोपतात. इथे मुख्य साक्षीदार आरोपीच्याच खोलीत झोपते, तिचा मोबाईल त्याच्या हातात असतो आणि माहेरी जाण्याचे भाडे त्याच्याकडून मागावे लागते. म्हणून जखमेच्या आकाराआधी विचारायचे ते दुसरेच: हे कितव्यांदा घडले, आणि ती आज रात्री त्या घरात निर्भयपणे राहू शकते का? गळ्यावर ठेवलेल्या हाताची खूण दिसतेच असे नाही. तो प्रकार किरकोळ समजण्याची चूक कोणत्याही पंचाने करू नये.

पहिल्या प्रसंगासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा अधिक उपयोगी आहे, आणि नेमका तोच व्यापारी घरांत कमी ठाऊक आहे. त्यात आरंभी अटक नाही. स्त्री संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा स्वतः दंडाधिकाऱ्याकडे जाते, आणि पतीने हात उगारू नये असा संरक्षण आदेश मिळवते. तो आदेश मोडला तर मात्र तो दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा होतो. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक संधी लेखी स्वरूपात दिली जाते आणि ती वाया घालवणाऱ्याला अटक होऊ शकते. ही रचना न्याय्य वाटते. तारखा लांबतात हे खरे, परंतु त्यासाठीच कायद्यात अंतरिम आदेशाची सोय आहे.

अटकेने मार थांबतो का, याची परीक्षा अमेरिकेत झाली आहे. मिनियापोलिस शहरात १९८१-८२ मध्ये अशाच किरकोळ मारहाणीत पोलिसांनी चिठ्ठीने ठरवून कोणाला अटक केली, कोणाला समज दिली, कोणाला काही तास घराबाहेर पाठवले. पुढील सहा महिन्यांच्या पोलीस नोंदींत अटक झालेल्यांनी पुन्हा मारल्याचे प्रमाण सर्वांत कमी आढळले. पुढे मिलवॉकी येथील प्रयोगाने त्याला मुरड घातली: नोकरीधंदा असलेल्यांना अटकेने जरब बसली, बेकारांमध्ये मार उलट वाढला. ज्याच्या दुकानावर नाव आहे, बँकेत पत आहे, त्याच्यावर कायद्याचा धाक चालतो असा यातून तर्क करता येतो. "आमची अब्रू जाईल" हे वाक्य अशा घरांत तक्रार दाबण्यासाठी वापरतात. त्या अब्रूचा खरा उपयोग इथे आहे.

श्रावकाला उद्योगी, आरंभी आणि विरोधी हिंसा संसारात पूर्ण टाळता येत नाही, संकल्पी हिंसा मात्र सोडावीच लागते. बायकोवर उगारलेला हात यांतल्या कोणत्या प्रकारात बसतो, हे पाठशाळेतला मुलगाही सांगेल. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार प्रवचनांत बहुधा जनावरांच्या संदर्भात सांगितले जातात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. इथे वध म्हणजे जीव घेणे नसून काठी-चाबकाने मारणे. बैलाला जे करू नये ते सुनेला केलेले चालते, असे कोणत्याही परंपरेने सांगितलेले नाही.

तरीही संवत्सरीच्या क्षमापनेवर प्रकरण मिटवण्याची पद्धत आहे. सहा आवश्यकांत प्रतिक्रमणाबरोबर प्रत्याख्यानही आहे, पुन्हा न करण्याचा नियम. तो न घेता मागितलेली क्षमा पंचांनी पुरेशी मानू नये.

समाजाचे पंच बसले तर बसोत. पण सलोखा लेखी असावा. तारीख आणि घडलेला प्रकार त्यात असावा, आणि एक प्रत सुनेच्या माहेरी राहावी. जखम असल्यास घरच्या नात्यातल्या नसलेल्या डॉक्टरांचा कागद सोबत हवा. दुसऱ्यांदा हात उगारला गेला, तर पंचांनी पुन्हा बैठक बोलावू नये, तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे घेऊन जावे. बंगला सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून तिचा हक्क नाही, असे सांगणारे तिथेही भेटतील. सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही सामायिक निवास ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश आहुजा प्रकरणात सांगितले आहे, आणि गरज पडल्यास दंडाधिकारी पतीलाच बाहेर राहण्यास सांगू शकतो.