धाक आणि साखळी

"कुत्र्याला धाक हवा," असे म्हणणाऱ्या सद्गृहस्थांशी माझे उघड भांडण आहे. धाक म्हणजे काय, तर सकाळी पिल्लाने सतरंजी ओली केली आणि संध्याकाळी कचेरीतून परतलेल्या मालकाने त्याचे नाक तिच्यावर घासून पाठीत दोन रट्टे घातले! सकाळच्या कृत्याचा संध्याकाळच्या माराशी त्या मुक्या जिवाला संबंध लागत नाही. ते कान पाडून कोपऱ्यात दडते, मालक म्हणतो, "पाहा, चूक कळली!" कळते ती चूक नव्हे, मालकाची मुद्रा.

यांच्या मदतीला लांडग्यांचे शास्त्र धावून येते: कळपात एक दांडगा नायक, तसा घरात मी. हे शास्त्र १९४७ साली रुडॉल्फ शेंकेलने मांडले, तेही प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, हे डेव्हिड मेकने १९९९ मध्ये दाखवून दिले.

मग उपाय? पिल्लाला जेवल्यावर, झोपून उठल्यावर बाहेर न्या. विधी उरकताच, त्याच क्षणी, भाकरीचा तुकडा द्या, पाठ थोपटा. यासाठी स्वतः पहाटे उठावे लागते. छडीला झोपमोड नको असते, हीच तिची खरी लोकप्रियता!

१९६० च्या कायद्याच्या ११व्या कलमाने मारहाण तर गुन्हा आहेच, पण सदा बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हाही गुन्हाच आहे. ज्याला तेवढी सवड नाही, त्याने कुत्रा पाळू नये. दाराला चांगले कुलूप लावावे.