भूसुरुंग, यंत्र आणि माणसाचे मोल

भूसुरुंग काढण्याच्या कामी दूरनियंत्रित यंत्रे योजू नयेत, कारण ती महाग आहेत, निर्दोष नाहीत, आणि कंबोडियासारख्या दरिद्री देशात या कामास माणसे मुबलक मिळतात, असा एक पक्ष हिशेबाचे आकडे पुढे करून मांडला जातो. यांपैकी तिसरे कारण मला सर्वांत अमानुष वाटते. थायलंडच्या सरहद्दीलगत १९८०च्या दशकात जो ‘के-५’ नावाचा सुरुंगपट्टा पेरला गेला, तेथे शोधक गुडघे टेकून, धातुशोधकाचा आवाज होईल तेथे सळई तिरकी खुपसून माती अंगुळाअंगुळाने उकरतो; आवाज बहुधा गंजक्या खिळ्याचा निघतो, आणि जवळजवळ सर्वस्वी प्लॅस्टिकचा असलेला चिनी सुरुंग मात्र मुकाच राहू शकतो. दारिद्र्यामुळे ज्याची मजुरी स्वल्प ठरली, त्याचा देहही स्वल्पमोल मानण्याचा अखत्यार या हिशेबनीसांना कोणी दिला?

सदोषतेचा आक्षेप मात्र खरा आहे. युद्धाने सुरुंगग्रस्त झालेल्या क्रोएशियात तयार झालेले ‘एमव्ही-४’ हे यंत्र फिरत्या साखळ्यांनी भूमी झोडपीत पुढे सरकते, आणि त्याचा चालक दूर, सुरक्षित अंतरावर राहतो. परंतु साखळीच्या तडाख्याने एखादा सुरुंग न फुटता नुसता भंगतो, एखादा बाजूला उडून पडतो, आणि चढणीवर वा खडकाळ रानात तडाख्याची खोली सारखी राहत नाही. सैन्यास केवळ पुढे जाण्यापुरती वाट हवी असते. शेतकऱ्यास त्याच भूमीत पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरावयाचा असतो. म्हणून यंत्र फिरले एवढ्यावरून जमीन निर्धोक झाल्याचा दाखला द्यावा, हे यंत्राच्या अतिभक्तांचे म्हणणेही मी तितक्याच निग्रहाने नाकारतो.

माझा पक्ष असा की, झाडोरा कापणे, पायाला अडकून स्फोट घडविणाऱ्या तारा तोडणे आणि वरची माती मोकळी करणे ही पहिली, प्राणघातक कामे यंत्राने करावी, आणि अखेरची तपासणी शिकविलेले कुत्रे व अनुभवी शोधक यांच्याकडे असावी. यास खर्च लागेल, हे निर्विवाद. पण तो सुरुंगपीडित देशाच्याच माथी मारणे न्याय्य नव्हे, आणि सुरुंगबंदीच्या १९९७च्या ओटावा तहनाम्यानेही समर्थ राष्ट्रांवर साहाय्याचे कर्तव्य ठेविले आहे. भारताने त्या तहावर सही केलेली नाही, २००१-०२ मध्ये आपण पश्चिम सरहद्दीवर स्वतःच सुरुंग पेरले, आणि ते काढताना आपल्याच जवानांचे रक्त सांडले. बाँब निकामी करणारे ‘दक्ष’ हे दूरनियंत्रित यंत्र पुण्यातील सरकारी संशोधकांनी सिद्ध केले आहे; त्या विद्येचा काही भाग परक्या शेतकऱ्याची जमीन मोकळी करण्याकडे वळवावा, अशी मागणी आपण आपल्या सरकारकडे केली पाहिजे.