चष्मा चढवला, पुढे काय?

व्हीआरमुळे लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरकडे नवे खेळाडू वळतील, असं परवा नातू छातीठोकपणे म्हणाला. मला नाही पटत!

त्याने डीसीएस लावून तो डबा माझ्या डोळ्यांवर चढवला. खोटं कशाला बोलू, मान वळवून विमानाच्या शेपटीमागे पाहिलं आणि अंगावर काटा आला. हवाई झुंजीत मागचा शत्रू दिसणं म्हणजेच तर सगळं. साध्या पडद्यावर हे सुख नाही.

पण पुढे? इंजिन सुरू करायलाच डझनभर बटणं, आणि चष्म्यातून कीबोर्डही दिसत नाही. पाच मिनिटांत मला मळमळू लागलं. (वयाचा दोष म्हणा हवं तर.) एवढा महाग चष्मा नि दमदार संगणक घेतो कोण? जो आधीच भक्त आहे तो!

शाळेत तक्ते आले, प्रोजेक्टर आले. गणितात मूल रमलं ते पहिली बेरीज जमली तेव्हाच. डीसीएसमध्ये सुखोई-२५टी फुकट मिळतं. नवख्याला ते साध्या पडद्यावर, आधीच हवेत असलेलं हाती द्या. शेजारी बसा. इंजिन सुरू करणं महिन्याने शिकवा.