आमची कीव नका करू बाप्पा, जेवाले या



या आठवड्यात वावरातलं सांगण्यासारखं फार काही नाही. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचून झाल्या, वखराची एक पाळी झाली, दुसरी बाकी आहे. शेततळ्याच्या तळाशी हातभर हिरवं पाणी उरलंय, त्यावर दोन बगळे आणि गावातली सगळी कुत्री हक्क सांगून राहिली. म्हणून आज पिकाचं सोडून डोक्यात बरेच दिवस फिरत असलेला विषय लिहितो. लांबला तर लांबला, भर मे महिन्याच्या दुपारी तुम्ही तरी कुठं जाऊन राहिले?

बाहेरच्या माणसाला आमचं वऱ्हाड वर्षातून दोनदा आठवतं. एकदा कोणी शेतकऱ्यानं फास घेतला की, आणि एकदा अकोल्याचा पारा देशात पहिला आला की. तिसऱ्यांदा डिसेंबरात विदर्भ आठवतो, नागपूरला अधिवेशन भरतं तेव्हा, आणि तो हुरडा, संत्री खाण्यापुरता. 1953 च्या नागपूर कराराचं आमच्या हातात उरलेलं ठळक असं ते अधिवेशनच. बाकी वर्षभर आम्ही नकाशावर आहो, एवढंच.

फास खोटा आहे असं मी म्हणत नाही. अशा घरी मी बसून आलेलो आहे. बोलायला शब्द नसतात, चहा तसाच थंड होते. पण त्या घरातला माणूस त्या एका दिवसाच्या आधी चाळीस-पन्नास वर्षं जगलेला असतो. पोळ्याला बैल सजवलेला असतो, लग्नात नाचलेला असतो, शेजाऱ्याशी धुऱ्यावरून भांडून परत त्याच्याच घरी रोडगे खाल्लेले असतात. ते कोणी लिहीत नाही. आमच्या पूर्ण मुलखाचं तसंच झालंय, शेवटच्या दिवसावरूनच ओळख.

आता मी राहतो तो पट्टा सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. माती काळीभोर, खोल, पाहणाऱ्याला वाटावं सोनं पिकत असेल. पण खाली पाणी खारं. विहीर खोदली तर पाणी लागतं, पिकाला दिलं की जमीन बिघडते. क्षार वर येऊन बसतात, माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. म्हणजे पाणी आहे आणि ओलीत नाही. हे पुण्याकडच्या बागाईतदाराला समजावून सांगता सांगता माझी अर्धी हयात गेली. तो म्हणतो, "मग बोअर मारा की." अरे बोअर मारून काय मीठ पेरू?

पावसाळ्यात याच मातीत चप्पल घालून दहा पावलं चालून दाखवा. अकराव्या पावलाला एकेका पायाला दीड किलो चिखल असतो, आणि चप्पल मागं राहिलेली. उन्हाळ्यात हीच माती अशी फाटते की भेगेत हात जातो. आमच्या घरात लहानपणी हरवलेली निम्मी खेळणी त्या भेगांत गेली असावीत. पण याच मातीत पाऊस गेल्यावर ओलाव्यावर हरभरा येतो, एक पाणी न देता. त्याची चव ओलीताच्या हरभऱ्याला नाही. हे मी पक्षपातानं बोलतोय हे मान्य, तरी एकदा खाऊन पाहा मग बोला. मूग, तूर, कपाशी सगळं आभाळाच्या भरवशावर. म्हणून इथं शेततळं म्हणजे हौस नाही. पावसाचं गोड पाणी धरून ठेवायची तीच एक जागा. प्यायचं पाणी शहानूर धरणावरून नळानं येतं, ज्या दिवशी येतं त्या दिवशी.

या मातीवर प्रेम कसं बसतं ते मला नीट सांगता येणार नाही. खोडकर बैलावर बसतं तसं असेल. त्याची एकेक खोड पाठ असते, कधी अडेल, कधी बसेल, कोणत्या वळणाला मान टाकेल. विकून दुसरा आणला तर चांगलाच येईल, पण मग आपल्याला जे येतं त्याचा काय उपयोग?

दुसरी खोड आमच्या बोलीची. माझा पुतण्या पुण्याला शिकते. परवा म्हणाला, "काकाजी, तिकडं मी 'जाऊन राहिलो' म्हणालो की पोट्टे हसतात. आता मी 'जातोय' म्हणतो." मी म्हटलं, तिकडं काय म्हणायचं ते म्हण, पण आजीशी बोलताना 'जातोय' नको म्हणू, तिला वाटेल रागावला. आमच्याकडं डोळ्याचा डोया होते, केळीची केयी होते, मला-तुला नसतं, मले-तुले असतं. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. त्यावरून पुण्याच्या भाजीवाल्या मावशींकडं आमच्या एका पाहुण्याची जी गंमत झाली ती सांगत बसलो तर ही नोंद उद्यापर्यंत संपणार नाही. बटाट्याला आलू, शेंगदाण्याला फल्ली. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, कितीतरी पिढ्या हिंदी शेजारी बसलेली. ती जिभेवर येणारच.

पण ही मराठी 'अशुद्ध' आहे असं कोणी म्हटलं की मी एकच सांगतो. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, ते तेराव्या शतकात आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठही झालंय. म्हणजे मराठी गद्य लिहिणं सुरू झालं इकडं, आणि शुद्धतेचा शिक्का मारणारा बसला तिकडं. चालायचंच.

तिसरा आरोप जुना आहे: वऱ्हाडी माणूस आळशी. पश्चिमेकडचे अधिकारी बदलून येतात आणि दुपारी दोनला गावात चक्कर मारतात. पारावर चार माणसं पडलेली, दुकान अर्धं बंद, कुलरच्या आवाजाशिवाय आवाज नाही. झालं, आळशी म्हणून लिहून मोकळे. साहेब, तुम्ही पहाटे चारला या ना. त्या वेळी वखर चालू असते, बाया सरपण घेऊन परत निघालेल्या असतात. सकाळी दहापर्यंत आमचा दिवस अर्ध्याहून जास्त झालेला असतो. पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या उन्हात दुपारी जो वावरात उभा राहते तो कष्टाळू नसते, तो दवाखान्यात असते. नवतपा लागला की तर बैलही छपरीतून हलत नाही. वाळ्याच्या ताट्यांचा कुलर, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि दुपारची झोप, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची अक्कल आहे. आता शहरातले लोक 'हीट ॲक्शन प्लॅन' करतात त्यात दुपारी काम बंद ठेवा असंच लिहिलेलं असतं. आमच्या पारावरच्या लोकांनी तो प्लॅन कधीचाच अंमलात आणलेला आहे.

हां, पण निवांतपणा आहे हेही खरं. आमची शकुंतला आठवा. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, इंग्रजांच्या कंपनीनं कापूस ओढायला बांधलेली. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या रेल्वे सरकारी झाल्या, तिची मालकी मात्र कंपनीकडंच राहिली. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. अचलपूरपर्यंतच्या पाऊणशे किलोमीटरला चारेक तास. झेंडी दाखवणाराच तिकीट फाडायचा. गाडी धावताना उतरून, बाजूच्या वावरातल्या शेंगा तोडून परत चढता येतं अशी बढाई आमच्याकडं प्रत्येक घरात एकजण मारतो. माझ्या घरात तो मीच आहे. आता ती बंद आहे, रुळांवर गवत. ब्रॉडगेज होणार असं प्रत्येक निवडणुकीत ऐकतो आणि प्रत्येक निवडणुकीत टाळ्या वाजवतो.

इथंच मला आपल्या लोकांशी भांडायचंय. आपल्यावर अन्याय झाला हे आपण इतक्या वेळा म्हटलंय, की 'अनुशेष' हा शब्द पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. अन्याय झालाय, नाही असं नाही. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळा विदर्भ द्या म्हणून शिफारस केली, ती बाजूला राहिली. 1984 मध्ये दांडेकर समितीनं कुठं किती कमी पडलं त्याचा जिल्हावार हिशेब मांडला. पण त्याच काळातली दुसरी बाजूही मोजा. 1963 ते 1975, सलग अकरा वर्षांहून जास्त, महाराष्ट्राचा मुख्यमंत्री पुसदकडचा होता. वसंतराव नाईक. त्यांच्या जयंतीला, 1 जुलैला, आपण कृषी दिन करतो. त्याच्याही आधी दिल्लीत देशाचे कृषिमंत्री पंजाबराव देशमुख, ते आपल्या पापळचे. मग खुर्ची आपल्याकडं असतानाही पाणी वावरात का नाही आलं, हे कोण विचारणार? पारावर हा प्रश्न काढला की सगळे एकदम दुसऱ्याच विषयावर जातात, आणि कोणीतरी म्हणते, "पाहू ना बाप्पा." या 'पाहू ना'वर माझा जीव आहे आणि यानंच आपला घात केलाय, दोन्ही खरं.

कीव आणि 'पाहू ना' यांची जोडी फार वाईट जमते. 2006 मध्ये पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात व्याजमाफी होती, सिंचनही होतं. पण आपल्याकडं 'पॅकेज' हा शब्द तेव्हापासून जो बसला तो उठलाच नाही. जो कीव करते तो देतो ती मदत असते, आणि मदत कधी मिळणार एवढंच विचारायचं असते. हक्काचं असलं की तारीख विचारता येते, हिशेब मागता येतो. खारपाणपट्ट्यात शेततळ्यांना अस्तर, जमीन सुधारायला जिप्सम, देशी कपाशीचं बियाणं वेळेवर, या मागण्या रडायच्या नाहीतच, तोंडी हिशेबाच्या आहेत. देशी कपाशीचे वाण अकोल्याच्या आपल्या विद्यापीठानंच काढलेत, तिचं मूळ खोल जातं, आपल्या मातीत तग धरते. ते सोडून आपण पाकिटावरचं बोंड पाहून बियाणं घेतो.

आणि कीवेचा सगळ्यात मोठा फटका पैशाचा नाही, पोरांचा आहे. गावात तीस-बत्तीस वर्षांचे पोट्टे लग्नाचे थांबलेत. मुलीचा बाप जिल्ह्याचं नाव ऐकूनच उठतो. टीव्हीवर जे दहा-वीस वर्षं पाहिलं तेच त्याच्या डोक्यात, त्याचा तरी दोष काय. पण त्यामुळं इथं चांगली डाळ, चांगला हरभरा पिकवणारा, कर्ज फेडलेला, निर्व्यसनी पोरगा पुण्यात सुरक्षारक्षक व्हायला जातो, कारण तिकडचा पत्ता सांगितला की सोयरीक जुळते. समृद्धी महामार्ग झाला हे चांगलंच झालं, पण आमच्याकडून तिकडं भरलेल्या गाड्या जातात त्यात पोरंच जास्त.

सगळ्या खोडी गोड असतात असंही नाही. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लॅस्टिकच्या पन्नीत, सकाळी एक आणि संध्याकाळी एक म्हणता म्हणता दिवसाला आठ. यात मला काही गंमत वाटत नाही. चाळिशीतल्या माणसांची तोंडं उघडेनाशी झालेली पाहिलीत. गाडगेबाबा याच पट्ट्यातले, शेंडगावचा जन्म, लहानपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात गेलेलं. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात याच वऱ्हाडी बोलीत लोकांना आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा. त्यांनी वऱ्हाडी माणसाची कीव कधी केली नाही. झापायचे. लोक रात्र रात्र बसून ऐकायचे.

म्हणून पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना सांगणं आहे. इकडं आले तर 'बिचारे' म्हणून नका येऊ. कापणीच्या आधी सांगून या. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतो, वरून तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि आपल्याच वावरातल्या तुरीचं वरण. नको म्हटलं तरी ताटात तिसरा रोडगा पडेल. हाही आमचा एक दोष आहे, आणि तो मी सुधारणार नाही. जेवण झालं की विचारा काय विचारायचं ते, भाव विचारा, कर्ज विचारा, मुख्यमंत्र्यांचं विचारा. पोट भरल्यावर वऱ्हाडी माणूस खरं बोलते.

बाकी, बियाण्याचं विचारणाऱ्यांना एकदाच उत्तर देतो. कपाशीची घाई करू नका. जूनच्या आधी लावली की गुलाबी बोंडअळीला पहिलं जेवण आपणच वाढतो. धूळपेरणी नको, चांगला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल गेली की मगच पेरा. घरच्या सोयाबीनची उगवण तपासून घ्या, ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवा, सत्तरच्या खाली उगवले तर बियाणं वाढवा किंवा बदला. वखराची दुसरी पाळी मी उद्या पहाटे चारला सुरू करतोय. कमेंटला उत्तर दुपारी देईन, झोप झाल्यावर.